पोटखराबा

सातबारा उतारा ज्याने नीट वाचलाय त्याला पोटखराबा हा शब्द माहीत असतो. वर गट नंबर, क्षेत्र, आकार, आणि त्यातच बारीक अक्षरात पोटखराबा. म्हणजे जमीन तुमच्या नावावर, पण पीक न देणारी. खडक, ओघळ, नदीची दरड, असलं सगळं त्यात जातं. त्याचे पुन्हा दोन वर्ग. ‘अ’ म्हणजे मालकाने कष्ट घेतले तर लागवडीला येईल असं, आणि ‘ब’ म्हणजे रस्ता, ओढा, पाणवठा, असं चार लोकांच्या वापराचं. पोटखराब्यावर शेतसारा बसत नाही. पोट म्हणजे इथे आतला भाग, पोटहिस्सा म्हणतो तसा. पण माझ्या आईला वाटायचं, जमिनीच्या पोटात काहीतरी बिघडलंय म्हणून सरकारने तसं लिहिलंय. ती म्हणायची, “आपल्या रानाचं पोट कुठं दुखतंय ते एकदा तलाठ्याला इचारा की.”

आमच्या मांजरीच्या रानाला ९ गुंठे पोटखराबा आहे. मुळा-मुठेच्या कडेची पट्टी. वरून मातीची उभी दरड, खाली उतरतं खडकाळ, मग चिखल, मग पाणी. दरडीला भोकंच भोकं. माघ सरला की वेडे राघू येऊन माती उकरायला लागतात, हातभर खोल बिळं करतात. खंड्याचं बीळ जरा मोठं, त्याच्या तोंडाशी माशाच्या काट्यांची घाण असते, वासावरून कळतं. खालच्या गोट्यांत टिटवीची अंडी. ती गोट्यांसारखीच दिसतात, पाय पडेपर्यंत कळत नाही. टिटवीने अंडी उंचावर घातली की पाऊस जास्त, खाली घातली की कमी, असं आमचे आबा सांगायचे. खरं-खोटं देवाला माहीत, पण त्या निमित्ताने ते रोज एक चक्कर तिकडे मारायचे आणि नदी कुठवर आलीय ते बघून यायचे. वाळुंजाची चार झाडं होती, एक अजून आहे. पूर आला की ही सगळी पट्टी पाण्याखाली, पूर ओसरला की वर गाळाचा थर. त्या गाळात वडील काकडी-वाळूक टोचायचे. सारा नाही, खत नाही, पाणी द्यायला नको. आलं तर आलं.

हे सगळं सांगायचं कारण, ही ९ गुंठे सध्या आमच्या घरातला सगळ्यात मोठा वाद आहेत.

३० जून २०२१ ला २३ गावं पुणे महापालिकेत गेली, त्यात आमची मांजरी बुद्रुकही गेली. त्याआधीच प्लॉटिंगवाले आले होते, आता तर रोज कुणीतरी येऊन उभं राहतं. शहरात जुनी घरं पाडून नवीन उठतात, त्याचा राडारोडा कुठेतरी टाकायचा असतो. ट्रकवाले विचारतात, “तात्या, तुमची ती नदीकडची घळ भरून देतो. वर ट्रिपमागं पैसे.” म्हणजे आपल्या खड्ड्यात त्याची घाण, आणि पैसे आपल्यालाच. आधी कुणी असा सौदा ऐकला असता तर हसला असता. निळ्या पूररेषेच्या आत भराव टाकायला बंदी आहे. पंचवीस वर्षांतून एकदा येणारा पूर जिथवर पोचतो ती निळी रेषा, शंभर वर्षांतला जिथवर पोचतो ती लाल. पण ट्रक रात्री येतात आणि रेषा जमिनीवर काढलेली नसते.

मुलगा म्हणतो, “तात्या, ९ गुंठे म्हणजे काय आहे, तुम्हाला अंदाज आहे का? तिथं निदान शेड टाकली तरी भाडं येईल.” पुतण्या त्याच्याही पुढचा. तो म्हणाला, “पाखरांनी पाणीपट्टी भरलीय का कधी?” सगळे हसले, मीही हसलो. पण त्याचं बोलणं हसण्यावारी नेण्यासारखं नाही. त्याची दोन पोरं इंग्रजी शाळेत आहेत, फी मला माहीत आहे. भाजीचा भाव काय मिळतो तेही माहीत आहे. ज्याच्या घरात फी भरायची आहे त्याला खंड्याचं बीळ दाखवून गप्प करणं मला जमत नाही. म्हणून मी बरेच दिवस स्वतःशीच विचार करत बसलो, की माझ्या म्हणण्याला काही बूड आहे का, का नुसती म्हाताऱ्याची माया.

पहिली गोष्ट, नदीचं पाणी घेऊ नये असं मी म्हणणार नाही. तसं म्हणायचा शेतकऱ्याला अधिकारच नाही. या खोऱ्यात इंग्रजांनी १८७० च्या दशकात खडकवासला बांधलं, त्याचा कालवा आमच्या भागातून गेला म्हणून इथे ऊस आणि भाजी झाली. मग पानशेत, वरसगाव, टेमघर. चार धरणं मिळून सुमारे २९ टीएमसी पाणी. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं आणि निम्मं पुणं वाहून गेलं, तरी ते पुन्हा बांधलंच. बांधावं लागलं. माणसाला प्यायला लागतं, पिकाला लागतं. पिण्याचं पाणी पहिलं, यावर कुणाशी भांडण नाही.

आता त्या धरणांतून पावसाळा सोडला तर मुठेच्या पात्रात पाणी सुटत नाही. ते पाइपाने शहरात जातं, कालव्याने दौंड-इंदापूरकडे जातं. मग उन्हाळ्यात आमच्या दरडीखालून वाहतं ते काय? शहराचं सांडपाणी. फेसाळ, काळं, वर जलपर्णीची गोधडी. मुंढव्याला जॅकवेल करून तेच पाणी शुद्ध करून वर्षाला ६.५ टीएमसी जुन्या कालव्यात, ज्याला आम्ही बेबी कालवा म्हणतो त्यात, सोडायचं ठरलं आणि आमच्या खालच्या शिवारांना ते मिळतं. किती शुद्ध ते नाकाला विचारा. म्हणजे शहर पितं ते धरणाचं, आणि आम्ही पिकाला देतो ते शहराचं.

आणि गंमत बघा, पाखरंसुद्धा त्यावरच जगतात. घाणीच्या चिखलात अळ्या होतात, त्या खायला शेकाट्यांचे थवे. लांब लाल काड्यांसारख्या पायांवर चालत चोच मारत असतात. थंडीत थापट्या बदकं येतात, चक्रवाकाची जोडी येते. वर येरवड्याच्या अंगाला, बंडगार्डनच्या खाली, डॉ. सालिम अली पक्षी अभयारण्य म्हणतात ती जागा आहे. नाव अभयारण्य, पण वन्यजीव कायद्याने ते कधी अभयारण्य म्हणून जाहीर झालेलं नाही. पक्षीमित्रांनी नाव दिलं आणि तेच चाललं. प्रकाश गोळे यांच्यासारख्या माणसांनी या नदीवरची पाखरं वर्षानुवर्षं मोजली, म्हणून तिथे काय होतं ते निदान कागदावर आहे.

यातून एक अवघड प्रश्न उभा राहतो आणि तो पुतण्यानेच काढला. तो म्हणाला, “नदी साफ केली तर तुमचे शेकाटे जातील. मग घाण ठेवायची का?” प्रश्न रास्त आहे. मुळा-मुठा शुद्ध करायला जपानच्या मदतीने ९९० कोटींची योजना २०१६ साली मंजूर झाली, ११ शुद्धीकरण केंद्रं बांधायची ठरली. ती पुरी व्हावीत, आजच्या आज व्हावीत. घाणीमुळे आलेले चार थवे कमी झाले तरी चालतील. माझ्या लहानपणी शेकाटे मोजके होते, पण वाम होता, मरळ होता, पाण्याचा तळ दिसत होता. एक पाखरू जातं, त्याच्या जागी दुसरं येतं, त्याची मला फार काळजी वाटत नाही. काळजी आहे ती याची, की जे येईल त्याने बसायचं कुठं.

नदीकाठ सुधार प्रकल्पाबद्दल तुम्ही वाचलं असेल. ४४ किलोमीटरचा काठ, ११ टप्पे, खर्च ४,७०० कोटींच्या आसपास. ६ मार्च २०२२ ला पंतप्रधानांच्या हस्ते भूमिपूजन झालं. अहमदाबादच्या साबरमतीसारखं करायचं म्हणतात. साबरमतीत तिथे दिसतं ते पाणी नर्मदेच्या कालव्याचं आहे, ही गोष्ट सांगताना मात्र आवाज जरा खाली येतो. मी बंडगार्डनच्या बाजूला झालेलं काम बघून आलो. मुद्दाम गेलो, कारण न बघता बोलायची मला सवय नाही. दगडी उतार, फरसबंदी, दिवे, झाडं लावलेली. संध्याकाळी माणसं चालत होती, पोरं सायकली फिरवत होती, एक म्हातारं जोडपं बाकावर भेळ खात होतं. त्यांना बघून मला राग आला नाही. शहरात माणसाला पाय मोकळे करायला जागा कुठे आहे? ज्यांनी आयुष्यभर नदीकडे नाक दाबून पाठ केली ते आता तिच्याकडे तोंड करून बसलेत, हेही काही कमी नाही.

पण मी तिथे बिळं शोधत होतो. दगडाच्या उताराला बीळ पडत नाही. टिटवीला गोटे नाहीत, बदकाला चिखल नाही. पाणी आणि जमीन यांच्यामध्ये जे एक तिसरं असतं, कधी पाणी कधी जमीन, ते तिथे उरलंच नव्हतं. एका बाजूला पाणी, एका बाजूला रस्ता, मधे रेघ.

पाणी घेणं आणि काठ घेणं या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे मला तिथे उभं राहून नीट कळलं. आणि कळलं तरी खात्री करून घ्यावी म्हणून उजनीचं उदाहरण मनात घोळवत राहिलो.

उजनीला मी बऱ्याचदा गेलोय, सासुरवाड त्या बाजूची. आमची मुळा-मुठा रांजणगाव सांडसजवळ भीमेला मिळते आणि ते पाणी पुढे उजनीच्या फुगवट्यात जातं. १९८० साली धरण पुरं झालं, भीमेकाठची गावंच्या गावं उठली. पळसदेवचं जुनं देऊळ अजून दुष्काळात पाण्यातून डोकं काढतं. उठलेल्या माणसांच्या कहाण्या मी पाव्हण्यांच्या ओट्यावर ऐकल्यात, त्या इथे सांगत बसलो तर वेगळं पुस्तक होईल. पण पाखरांच्या बाजूने बघा. माणसाने बांधलेलं धरण, माणसाला उठवून झालेलं पाणी, त्यात पुण्याची घाण उतरलेली, आणि तिथेच भिगवण-कुंभारगावला हिवाळ्यात रोहित पक्षी येतात, ज्याला पेपरवाले फ्लेमिंगो म्हणतात. शेकड्यांनी. बघायला मुंबईहून गाड्या येतात, मासे धरणारी पोरं आता होडीतून पाखरं दाखवतात, त्यावर त्यांची चूल चालते.

याचाच दाखला देऊन माझा मुलगा म्हणाला, “बघा, धरण झालं म्हणून पाखरं आली. विकासाने पाखरं जातात हे तुमचं म्हणणं चुकीचं.” मी म्हणलं, ते माझं म्हणणं नव्हतंच. तू रोहित कधी येतो ते बघ. धरण तुडुंब भरलेलं असताना तो येत नाही, खोल पाण्यात त्याला चरता येत नाही. पाणी खाली उतरायला लागलं, कडेचा चिखल उघडा पडला, की येतो. पाऊस जास्त झाला आणि धरण जास्त दिवस भरून राहिलं की तो उशिरा येतो, होडीवाली पोरं आभाळाकडे बघत बसतात. त्याच उघड्या पडलेल्या गाळात माणसं गाळपेर करतात. पाखरू आणि माणूस दोघंही मागे सरणाऱ्या पाण्याच्या मागोमाग चालत असतात. उजनीत माणसाने नदीचं सगळं पाणी घेतलं, पण शेकडो किलोमीटरच्या फुगवट्याला दगडी भिंत बांधायची कुणाची ऐपत नव्हती. म्हणून तिथे काठ शिल्लक राहिला. मुलगा गप्प बसला. पटलं म्हणून का जेवायला उशीर होत होता म्हणून, ते सांगता येणार नाही.

पुराचीही एक बाजू आहे, ती सोडून चालणार नाही. २५ जुलै २०२४ ला पहाटे खडकवासल्यातून पाणी सुटलं, पुढे ते ३५ हजार क्युसेकवर गेलं, आणि सिंहगड रस्त्याच्या एकतानगरीत घरात कमरेएवढं पाणी शिरलं. तिथल्या माणसाला जाऊन मी खंड्याचं बीळ सांगितलं तर तो मला हाकलून देईल आणि बरोबर करेल. त्याला भिंत हवीशी वाटते. पण भिंतीने पाणी कमी होत नाही, पुढच्याकडे जातं. वर काठ आवळला की खाली आमच्याकडे जोर वाढतो. मांजरीचा पूल पाण्याखाली जातो तेव्हा गावचे दोन तुकडे होतात, ते आम्ही बघतो. माझी ९ गुंठे पुरात पाणी पितात. तेवढं पाणी दुसऱ्या कुणाच्या घरात जात नाही. हे गणित मी मुलाला असंच सांगितलं, कारण पाखरापेक्षा गणित त्याला लवकर समजतं.

आणि जनावरांवर आळ घ्यायची तर आपल्याला सवयच आहे. सप्टेंबर २०१८ मध्ये दांडेकर पुलाजवळ मुठा कालवा फुटला, शेकडो घरांत पाणी गेलं, तेव्हा मंत्र्यांनी सांगितलं की उंदीर, घुशी, खेकड्यांनी पोखरला. पुढच्या वर्षी चिपळूणकडे तिवरे धरण फुटलं, माणसं गेली, तेव्हाही खेकडेच. खेकड्याने जन्मभर हेच केलंय, त्याला दुसरं येत नाही. त्याच्यासाठी कुठे जागा ठेवायची आणि कुठे त्याला शिरू द्यायचं नाही, हे ठरवणं माणसाचं काम.

आता मूळ सवालावर येतो. काठ घ्यायला हरकत का असावी? तो कुणाच्या मालकीचा नाही म्हणून कुणाचं नुकसान नाही, असं पुतण्याचं म्हणणं. धरणात जमीन गेली तर निदान नोटीस येते, नाव असतं, तक्रार करायला माणूस असतो, मोबदला बुडाला तरी बुडाला म्हणून भांडता येतं. काठावरच्या जिवाला नोटीस कुणी द्यायची? त्याचं नाव कुठल्याच उताऱ्यावर नाही. ज्याला विचारताच येत नाही त्याच्याकडून घेताना हात आखडता घ्यावा, एवढी समज आमच्या खळ्यावर होती. रास झाली की बलुतेदाराचा वाटा निघायचा, मागतकऱ्याचा निघायचा, आणि खळ्याच्या कडेला सांडलेलं झाडून काढायचं नाही असा आईचा नेम होता. चिमण्या यायच्या. तिला कुणी पर्यावरण शिकवलं नव्हतं. सगळंच्या सगळं उचलणं तिला ओंगळ वाटायचं, बस.

आणि सरकारने तरी पोटखराब्यावर सारा का घेतला नाही? दुष्काळातसुद्धा कवडी न सोडणाऱ्या इंग्रजाने ती पट्टी आकारणीतून वगळली. त्याने दया म्हणून वगळली नाही, तिथून काही निघत नाही म्हणून वगळली, हे मला माहीत आहे. पण परिणाम असा झाला की नदीच्या दोन्ही अंगांना, गावोगाव, कुणी हात न लावलेली एक पट्टी दीडशे वर्षं राहिली. ज्यातून पैसा निघत नव्हता तोवर ती सुरक्षित होती. आता ‘अ’ वर्गातला पोटखराबा लागवडीखाली आणून तशी नोंद करून घ्यायची सोय झाली आहे, आणि शहराजवळ तर लागवडीचीही गरज नाही, सपाट केलं की झालं.

महापालिकेने काय करावं ते सांगायला मी इंजिनिअर नाही. पण एवढं सांगतो, की चालायचा रस्ता पाण्याच्या अंगाला लागून कशाला पाहिजे? शंभर पावलं मागे घ्या, मधली दरड आणि चिखल तसाच राहू द्या. म्हातारं जोडपं भेळ तिथेही खाईल, वर पाखरं दिसतील. २९ एप्रिल २०२३ ला पुण्यात लोक झाडांना कवटाळायला रस्त्यावर उतरले, तेव्हा साधारण हेच म्हणत होते. त्यांच्यात नोकरदार होते, शाळेची पोरं होती. आमच्याकडचं कुणी फारसं नव्हतं. आमच्याकडे त्या दिवसांत काकडीची तोड असते.

घरातला वाद मिटलेला नाही. वाटणीत साडेचार गुंठे पुतण्याच्या नावावर गेले. त्याने मागच्या उन्हाळ्यात भराव टाकला, त्याची जमीन आता माझ्यापेक्षा छातीभर उंच आहे, आणि पावसाळ्यात पाण्याचा सगळा मारा माझ्या दरडीवर आला. दोन हात दरड खचली. त्याला मी काही बोललो नाही. त्याने शेड टाकलीय, भाडं येतं, पोरांची फी जाते.

माझी साडेचार गुंठे तशीच आहेत. मी वकिलाकडे गेलो होतो, म्हणलं मृत्युपत्रात लिहा की या पट्टीवर भराव टाकायचा नाही. तो म्हणाला, “तात्या, अट लिहून देतो. पण पाखरांच्या वतीने उद्या कोर्टात कोण उभं राहणार?” तरी त्याने कच्चा मसुदा करून दिला. मी तो मुलाला वाचायला दिला. त्याने दोनदा वाचला आणि एकच विचारलं, “किती वर्षांसाठी?” त्याचं उत्तर मी अजून दिलेलं नाही.